बुलबुलाची अंडी 11 दिवसांत फुटतात की 14? आकड्यामागचं घरटं कसं शोधायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. कोल्हापुरातल्या एका ताईंच्या गॅलरीत, मनीप्लँटच्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलंय. अंडी कधी फुटतील म्हणून त्यांनी इंटरनेटवर शोधलं, तर एका ठिकाणी 11 दिवस, दुसरीकडे 12, तिसरीकडे 14. यातलं खरं कोणतं, असं त्यांनी विचारलंय. शिवाय भारतातल्या पक्ष्यांचा जीवनक्रम, म्हणजे घरटं, अंडी, उबवणी, पिल्लं, आयुष्य, हे सगळं नेटवर भरवशानं कुठे वाचावं? आणि अशा नोंदी स्वतः ठेवायला कशी सुरुवात करावी?

ताई, तिन्ही आकडे खरे असू शकतात. एकाच घरट्याचेही असू शकतात. माझ्या वहीतलं एक घरटं सांगतो. अंगणातल्या पारिजातकावर, जमिनीपासून पाचेक फुटांवर. 14 एप्रिलला सकाळी पहिलं अंडं, 15ला दुसरं, 16ला तिसरं. 27ला संध्याकाळी पाहिलं तेव्हा दोन पिल्लं आणि एक अंडं. 28ला दुपारी तिसरंही बाहेर आलेलं. आता मोजा. पहिल्या अंड्यापासून शेवटच्या पिल्लापर्यंत 14 दिवस. शेवटच्या अंड्यापासून शेवटच्या पिल्लापर्यंत 12. शेवटच्या अंड्यापासून पहिल्या पिल्लापर्यंत 11. घरटं एक, आकडे तीन, आणि मोजणाऱ्या कुणाचंच चुकलेलं नाही.

अभ्यासक सहसा शेवटचं अंडं घातल्यापासून ते फुटेपर्यंतचा काळ उबवणीचा धरतात, कारण बरेचसे छोटे पक्षी सगळी अंडी घालून होत आल्यावरच नीट बसायला लागतात. पण प्रत्येकानं तसंच मोजलेलं नसतं, आणि कसं मोजलं हे प्रत्येक लेखात लिहिलेलं नसतं. तुमच्यापुरतं उत्तर हवं असेल तर शेवटच्या अंड्यापासून 11 ते 14 दिवस धरा. तुम्ही पाहिलंत तेव्हा अंडी आधीच पूर्ण होती का? तसं असेल तर तुमच्या हातात सुरुवातच नाही. मग तुमच्या घरट्याचा आकडा "किमान अमुक दिवस" असाच लिहावा लागेल.

मी गेली अठ्ठावीस वर्षं घरट्यांच्या वह्या ठेवतोय, आणि कुणी मला पक्ष्यांच्या जीवनक्रमाचा आकडा सांगितला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: हे कुठलं घरटं? संदर्भाचं कुठलंही ठिकाण मी याच कसोटीवर जोखतो. जे ठिकाण मला मूळ घरट्याजवळ नेऊन सोडतं ते चांगलं. जे नुसता आकडा हातावर ठेवतं ते कामचलाऊ.

आज या विषयातलं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षी प्रयोगशाळेचं 'बर्ड्स ऑफ द वर्ल्ड'. 2020 साली ते सुरू झालं, पण त्याच्या पोटात जुनं काम आहे. बार्सिलोनाच्या लिंक्स प्रकाशनानं 1992 ते 2013 या काळात जगातल्या पक्ष्यांचा जो प्रचंड ग्रंथ खंडाखंडांनी काढला त्याचा मजकूर, आणि उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांवरच्या स्वतंत्र सविस्तर पुस्तिका, हे सगळं तिथे एकत्र आलं. जगातल्या प्रत्येक जातीला तिथे स्वतःचं पान आहे. एरवी त्याला वर्गणी लागते. अमेरिकेत किंवा इंग्लंडात असलेल्या मराठी मंडळींनी आपल्या सार्वजनिक वाचनालयात किंवा विद्यापीठात ते आहे का ते आधी विचारावं. भारतातल्या वाचकांसाठी मात्र ते मोफत खुलं केलेलं आहे. ईबर्डचं, म्हणजे पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात त्या संकेतस्थळाचं, खातं असेल तर त्याच खात्यानं आत जाता येतं.

त्याचं पान कसं वाचायचं ते सांगतो, कारण बहुतेक जण पहिल्या पानावरचा गोषवारा वाचून परत फिरतात. विणीचा विभाग उघडा. प्रत्येक विधानाच्या शेवटी संदर्भ दिलाय का ते पाहा. असेल तर त्यावर टिचकी मारा आणि तो अभ्यास कुठल्या गावचा, किती घरट्यांचा, कुठल्या सालचा हे बघा. अमेरिकेतल्या रॉबिनच्या किंवा तिथल्या साध्या चिमणीच्या पानावर तुम्हाला परिच्छेदच्या परिच्छेद मिळतील: अंड्याचं वजन, पिल्लाच्या वाढीचा रोजचा हिशेब, पहिल्या वर्षात किती जगतात. आपल्याकडच्या कित्येक जातींच्या पानावर तोच विभाग चार-पाच ओळींत आटोपतो. यात संकेतस्थळाचा दोष नाही. तिकडे शंभर वर्षं माणसं घरट्यापाशी बसली आणि लिहीत गेली. इकडे पुष्कळ जातींच्या बाबतीत कुणी बसलेलंच नाही.

तुमच्या बुलबुलाच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. लालबुड्या बुलबुल मूळचा आपल्या उपखंडाचा आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशाचा. पण माणसानं तो फिजीत नेला, हवाई बेटांवर नेला, आणि तिथे तो इतका माजला की जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत जाऊन बसला. फळबागांचं नुकसान व्हायला लागलं तसा त्याच्यावर अभ्यासही झाला. त्यामुळे आपल्या अंगणातल्या पक्ष्याविषयी नेटवर वाचलेला आकडा पॅसिफिक महासागरातल्या एखाद्या बेटावरचा असू शकतो. तिथली हवा वेगळी, खाणं वेगळं, शत्रू वेगळे. विणीचा हंगाम तर सरळच वेगळा.

असाच घोटाळा चातकाचा होतो. चातक आपली अंडी बुलबुलाच्या घरट्यात घालतो, असं तुम्ही कुठेतरी वाचाल आणि मनीप्लँटकडे धास्तीनं बघायला लागाल. ते वाक्य प्रामुख्यानं आफ्रिकेतल्या चातकांना लागू आहे. तिथे त्यांच्या यजमानांत बुलबुल महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे हा मान मुख्यतः सातभाईंकडे जातो. एकाच जातीच्या पानावर दोन खंडांच्या नोंदी शेजारीशेजारी बसलेल्या असतात, म्हणून प्रत्येक वाक्यामागचं गाव विचारायचं.

आता जुन्या कागदांकडे वळू, कारण माझ्या मते खरी श्रीमंती तिथे आहे आणि ती आज फुकट उपलब्ध आहे. 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' हे नाव लिहून ठेवा. जगभरच्या मोठ्या ग्रंथालयांनी निसर्गविज्ञानाची जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं पानापानानं स्कॅन करून तिथे ठेवली आहेत. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम, यांनी भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर जे पुस्तक 1873 साली काढायला घेतलं, त्याची यूजीन ओट्स यांनी संपादित केलेली दुसरी आवृत्ती 1889-90 मध्ये तीन खंडांत आली. ती वाचायला मिळते. ह्यूम यांचं नियतकालिक 'स्ट्रे फेदर्स'ही मिळतं. त्यात आपल्या मुलखाचं काय काय आहे! जी. डब्ल्यू. व्हिडाल यांची दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी आहे. बटलर यांची दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी आहे. डेव्हिडसन आणि वेंडेन यांचं दख्खनवरचं टिपण आहे. अहमदनगरकडे मिशनरी असलेल्या फेअरबँक यांची खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव भागातली यादी आहे. तुमच्या कोल्हापूरच्या आसपासच्या डोंगरांत आणि माळांवर दीडशे वर्षांपूर्वी कोण कुठे वीण करत होतं, हे तिथे शोधायचं.

ह्यूम यांच्या पुस्तकाची रचनाच मला फार आवडते. त्यांनी आधी स्वतःचं म्हणणं लिहिलं आणि खाली देशभरच्या पत्रलेखकांची टिपणं ज्याच्या त्याच्या नावानं, ज्याच्या त्याच्या गावासकट छापली. बुलबुलाचं पान उघडलं की कुठला अधिकारी कुठल्या जिल्ह्यात कुठल्या महिन्यात कसल्या झुडपात कितीव्या फुटावर घरटं पाहून आला, हे सगळं वेगवेगळं राहतं. कुणी त्याची सरासरी काढून मूळ फेकून दिलेलं नाही. आजच्या कित्येक चकचकीत पानांपेक्षा ती पिवळी पानं म्हणूनच जास्त उपयोगी पडतात.

पण त्यांची एक मोठी उणीव आधीच जाणून घ्या. ही सगळी मंडळी अंडी गोळा करणारी होती. घरट्याची जागा, बांधणी, महिना, अंड्यांची संख्या, रंग, इंचात लांबी-रुंदी, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण अंडी एकदा उचलून पेटीत गेली की ती किती दिवसांत फुटली असती हे कळणार कसं? पिल्लं किती दिवस घरट्यात राहतात, आई-बाप दोघंही भरवतात का, पहिली वीण फसली तर दुसरी करतात का, या प्रश्नांवर तो सगळा काळ बराचसा गप्प आहे. पुढे सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनी 1968 ते 1974 मध्ये भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ काढला. त्यातही कित्येक जातींच्या उबवणीचा काळ अजून ठरलेला नाही, अशी सरळ कबुली वाचायला मिळते. मला तो प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. नेटवर मात्र त्याच जातींच्या पुढे आज बिनधास्त आकडे दिसतात. असा आकडा दिसला की तो कुठून आला ते शोधल्याशिवाय मी वहीत उतरवत नाही.

जुन्या कागदांत शोधताना नावं आडवी येतात. लालबुड्या बुलबुलाचं आजचं शास्त्रीय नाव पिक्नोनोटस काफर आहे. ओट्स यांच्या आवृत्तीत तो मॉल्पॅस्टीस या कुळनावाखाली आहे, आणि मद्रासचा बुलबुल वेगळा, बंगालचा वेगळा, अशा स्वतंत्र जाती धरल्या आहेत. आजचं नाव टाकून शोधलंत तर काहीच हाती लागणार नाही आणि "जुन्या लोकांनी बुलबुलावर लिहिलंच नाही" असा समज होईल. म्हणून आधी त्या जातीची जुनी नावं गोळा करायची, मग शोधायचं. 'काफर' या नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. लिनियसनं 1766 मध्ये या पक्ष्याला नाव दिलं तेव्हा नमुना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा, केप ऑफ गुड होपचा, अशी चुकीची माहिती त्याच्यापाशी होती. नमुना आपल्या पुदुच्चेरीकडचा होता, असं पुढे ठरवण्यात आलं. आफ्रिकेत न राहणारा पक्षी अडीचशे वर्षं आफ्रिकेचं नाव वागवतोय, ते एका चुकलेल्या जागेच्या चिठ्ठीपायी.

चुकलेल्या चिठ्ठीनं याहून मोठं नुकसान कसं होतं, ते आपल्याच महाराष्ट्रात घडलंय. वन पिंगळा, म्हणजे रानातला छोटा घुबडवर्गीय पक्षी, 1873 मध्ये शास्त्राला ज्ञात झाला. 1880च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात, तळोदा-शहाद्याच्या भागात त्याचे नमुने, म्हणजे मारून, भरून ठेवलेले पक्षी, मिळवले, आणि त्यानंतर तो कुणाला सापडला नाही. फक्त एक नोंद मध्ये उभी होती. रिचर्ड माइनर्टझॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला नमुना मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. संग्रहालयातला तो नमुना पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी बारकाईनं तपासला तेव्हा कळलं की तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता. चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. मांडवीची नोंद बाद केल्यावर उरल्या खऱ्या जागा. त्या जागांच्या मागावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पोचले आणि वन पिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला दिसला. शंभराहून जास्त वर्षांनी. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याच्या शिकारीच्या सवयींचा आणि विणीचा अभ्यास केला, मेळघाटातून आणि नंतर तानसा भागातूनही तो नोंदला गेला, आणि आज त्याचं पान भरलेलं दिसतं. हे पान वाचताना मला दर वेळी वाटतं, त्या एका खोट्या ओळीनं शोधणाऱ्यांना किती काळ भलत्या जागेकडे बघायला लावलं असेल.

उलट बाजूचं, म्हणजे एका माणसानं नीट बसून पाहिल्याचं उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. अलिबागजवळच्या किहीमला 1930च्या पावसाळ्यात सालिम अली सुगरणींच्या वसाहतीपाशी तासन्‌तास बसले. सुगरणीची अर्धवट सोडलेली घरटी लोकांना माहीत होती, आणि ती नराला विसाव्यासाठी असावीत असा समज होता. अलींनी पाहिलं ते असं: नर घरटं अर्ध्यावर, शिरस्त्राणासारखा आकार येईपर्यंत विणतो. माद्या येतात, आत शिरून घरटं तपासतात. एखादीला पसंत पडलं की तिथे जोडी जमते, मग नर लांब नळी विणून घरटं पुरं करतो आणि मादी अंड्यांवर बसली की दुसऱ्या घरट्याच्या उभारणीला लागतो. नापसंत पडलेली घरटी तशीच लोंबत राहतात. हा लेख 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. 1886 पासून चालत आलेल्या या नियतकालिकाचे जुने अंकही वर सांगितलेल्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. तो लेख जरूर वाचा. निरीक्षण कसं लिहावं, कुठे "मला दिसलं" म्हणावं आणि कुठे "मला वाटतं" म्हणावं, हे त्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या कार्यशाळेत मला शिकायला मिळालेलं नाही.

नव्या भारतीय नोंदींसाठी 'इंडियन बर्ड्स' हे नियतकालिक पाहा. अंक मोफत उतरवून घेता येतात, भाषा फार जड नसते, आणि एखाद्या जातीचं एकच घरटं कुणी नीट पाहिलं असेल तर त्यालाही तिथे जागा मिळते. कुठल्या जातीवर आजवर कुणी काय लिहिलंय हे शोधायचं असेल तर आशिष पित्ती यांनी वर्षानुवर्षं खपून उभी केलेली दक्षिण आशियाई पक्षीसाहित्याची ऑनलाइन सूची आहे. एका माणसाच्या चिकाटीतून उभं राहिलेलं इतकं कामाचं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही. अमेरिकेतल्या मराठी वाचकांना तिथल्या पक्ष्यांविषयी हवं असेल तर आर्थर क्लीव्हलँड बेंट यांची 1919 पासून स्मिथसोनियननं काढलेली जीवनक्रमांची मालिका मोफत वाचता येते. बेंट 1954 मध्ये गेले, उरलेलं काम सहकाऱ्यांनी 1968 मध्ये पुरं केलं. जुन्या अमेरिकी नियतकालिकांसाठी 'सोरा' नावाचं संग्रहस्थळ आहे.

आवाजांसाठी झेनो-कँटो. 2005 पासून जगभरच्या लोकांनी तिथे ध्वनिमुद्रणं ठेवली आहेत, आणि प्रत्येकासोबत जागा, तारीख, बरेचदा "भूक लागलेलं पिल्लू" किंवा "धोक्याची हाक" असा तपशीलही असतो. घरट्यापाशी ऐकलेला आवाज ओळखायला याचा फार उपयोग होतो.

ईबर्डबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. बहुतेक पक्षीमित्र तिथे फक्त यादी टाकतात: कोण दिसलं, किती दिसले. पण प्रत्येक जातीच्या नोंदीत विणीचा संकेत टाकायची सोय आहे. घरटं बांधताना दिसला, चोचीत खाऊ घेऊन जाताना दिसला, घरट्यात अंडी, घरट्यात पिल्लं, नुकतीच उडायला लागलेली पिल्लं, प्रत्येकाला वेगळा संकेत. आपल्याकडे तो फार कमी वापरला जातो आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2023च्या भारतीय पक्षीस्थितीच्या अहवालात सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवरून 942 जातींचा आढावा घेतला गेला. एवढी माणसं रोज बाहेर पडतात. यातल्या थोड्यांनी जरी खाऊ घेऊन जाणाऱ्या दयाळापुढे तो एक संकेत टाकला, तर कोकणातला दयाळ आणि विदर्भातला दयाळ कधी वीण करतात हे दहा वर्षांत स्पष्ट दिसेल.

मराठीत काय आहे? मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे आणि त्यातल्या पक्ष्यांवरच्या नोंदी जाणत्यांनी लिहिलेल्या आहेत. फक्त छापील खंड 1976 पासून येत गेले, त्यामुळे शास्त्रीय नावं आणि पक्ष्यांची सद्यःस्थिती आजच्या याद्यांशी पडताळून घ्या. मराठी नावावरून शोधताना सांभाळा. भारद्वाज, कुंभार कुकडा, सोनकावळा हा एकच पक्षी. उलट 'चातक' म्हणून कित्येक ठिकाणी पावशाचा फोटो लावलेला असतो, आणि "पेरते व्हा" कोण म्हणतं यावर घरोघरी वाद होतात. मराठी नावावरून शास्त्रीय नाव काढायचं आणि मग शास्त्रीय नावानं पुढे जायचं, ही सवय लावून घ्या.

विकिपीडिया वाचा, पण त्याचा खरा उपयोग पानाच्या तळाशी आहे, जिथे संदर्भ असतात. मिशिगन विद्यापीठाच्या ॲनिमल डायव्हर्सिटी वेबवर बरीचशी पानं विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लिहिलेली आहेत. काही उत्तम, काही घाईची. आणि हल्ली शोधपेटीच्या वरच जे तयार उत्तर येतं, किंवा चॅटबॉट जे सांगतो, त्यात 11, 12 आणि 14 यांचं मिश्रण होऊन एक गुळगुळीत वाक्य तयार झालेलं असतं. कुठलं घरटं, हे त्याला विचारा. त्यानं संदर्भ दिला तर तो उघडून पाहा आणि तो खरोखर अस्तित्वात आहे ना, त्यात ते लिहिलंय ना, याची खात्री करा.

आयुष्याच्या आकड्यांबाबतीत तर जास्तच जपून राहायला हवं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं वय आणि रानातल्या पक्ष्याचं वय पुष्कळ ठिकाणी एकाच रकान्यात येतं. रानातलं वय कळतं ते मुख्यतः पायात घातलेल्या वळ्यामुळे. मिडवे बेटावरच्या 'विज्डम' नावाच्या लेसन अल्बट्रॉस मादीला 1956 मध्ये वळं घातलं तेव्हा ती वीण करणारी मोठी मादी होती. म्हणून तिचं वय नेहमी "किमान" असंच सांगतात. 2024च्या अखेरीस तिनं पुन्हा अंडं घातलं. "बुलबुल अमुक वर्षं जगतो" असं वाचलंत तर आधी तो पिंजऱ्यातला का, ते बघा.

आता तुमच्या घरट्याकडे येतो. साधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर गाव, घरट्याची जागा, झाड किंवा कुंडी, जमिनीपासून उंची, दिशा, घरटं कशाचं बनलंय. मग रोज एकदा, ठरलेल्या वेळी, तारीख आणि वेळ टाकून जे दिसलं तेवढंच. "अंडी 3, पक्षी उठलेला" किंवा "दोघांपैकी एक बसलाय, अंडी दिसली नाहीत." बुलबुलात नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे कोण बसलंय हे कळत नसेल तर "एक पक्षी" लिहा. ज्या दिवशी पाहायला जमलं नाही त्या दिवसापुढे "पाहिलं नाही" लिहा, जागा कोरी सोडू नका. वर्षभरानं कोरी जागा म्हणजे "काही नव्हतं" की "मी गावी गेलो होतो" हे तुम्हालाच आठवणार नाही. माझ्या सुरुवातीच्या दोन वह्या अशा कोऱ्या जागांमुळे जवळजवळ निरुपयोगी झाल्या आणि त्याची हळहळ मला आजही आहे.

पाहायचं ते काचेआडून, खोलीतून. घरट्यावर फोन धरून वाकायचं नाही, पानं बाजूला करायची नाहीत, अंड्याला हात तर अजिबात नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. शेजारच्या तारेवर कावळा बसून बघत असेल तर त्या वेळी गॅलरीत जाऊच नका. तुम्ही कुठे बघताय हे तो बघतो. कुंडीला पाणी घालायचं तर पक्षी स्वतःहून उठला असताना, घरट्यापासून लांबच्या कडेनं, हळू. घरट्याचे फोटो सगळीकडे पाठवायचा मोह आवरा, निदान पिल्लं उडेपर्यंत.

पिल्लं बाहेर आली की पहिले काही दिवस उघडीबोडकी, डोळे मिटलेली दिसतील. साधारण बारा दिवसांत ती घरटं सोडतील. शेवटचे तीन-चार दिवस मुळीच जवळ जाऊ नका. त्या वयात घाबरली की पंख तयार नसतानाही उडी मारतात. आणि ज्या दिवशी आखूड शेपटीचं पिल्लू गॅलरीच्या जमिनीवर बसलेलं दिसेल, त्या दिवशी ते "पडलं" असं समजून खोक्यात घालू नका. ते घरट्यातून निघालंय. आई-बाप जवळच आहेत आणि अजून काही दिवस त्याला भरवणार आहेत. मांजर असेल तर मांजराला कोंडा, पिल्लाला नको. पिल्लू अगदीच रहदारीत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि मागे सरका.

शेवटचं पिल्लू गेलं की ती तारीख टाका, ईबर्डवर त्या दिवसाच्या यादीत विणीचा संकेत भरा, आणि खालच्या टिपणाच्या रकान्यात अंड्यांच्या, फुटण्याच्या आणि उडण्याच्या तारखा लिहा. सुरुवात माहीत नसेल तर "पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंडी 3" असंच लिहा. कुंडी लगेच रिकामी करू नका. बुलबुल एका हंगामात पुन्हा वीण करतात. कुंडी किंवा तिच्याजवळची जागा पुन्हा निवडली, तर या वेळी पहिली काडी आल्यापासून तुमची वही उघडी असेल. त्या घरट्याच्या तारखा मला जरूर कळवा. कोल्हापुरातल्या गॅलरीतल्या बुलबुलाचं पहिल्या अंड्यापासून शेवटच्या पिल्लापर्यंतचं पूर्ण टिपण माझ्या वह्यांत अजून एकही नाही.